लोकरीची निवड आणि विणीचा मेळ

दिवाळी सरून पहाटेचा गारवा अंगाला जाणवू लागला, की ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विणकामाविषयीच्या पृच्छा वाढू लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी एक ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून, आसनगावाहून आले आहे. त्यातील प्रश्न वरवर पाहता टाक्यांचा व लोकरीचा दिसतो. पण खरे म्हणजे तो घरातील तीन पिढ्यांच्या मनांचा आहे. म्हणून ह्या महिन्याचे सदर त्यासच द्यावे असे आम्ही योजिले आहे.

पत्रलेखिका भगिनी लिहितात, की घरातील वडीलधाऱ्या आत्याबाईंनी दोन महिने खपून बाळासाठी शुद्ध लोकरीचे जाकीट विणले. परंतु ते अंगात घातले की दहा महिन्यांच्या बाळाची मान लाल होते व ते रडावयास लागते. तेव्हा धाकट्या जाऊबाईंनी कल्याणच्या बाजारातून 'बेबी वूल' म्हणून मिळणारी मऊ व स्वस्त लोकर आणून दुसरे जाकीट विणावयास घेतले. आत्याबाई म्हणतात, ही मुळी लोकरच नव्हे. जाऊबाई म्हणतात, पोराला टोचत नाही तीच खरी लोकर. जाकीट आता पेटीत घडी घालून पडले आहे, आणि आत्याबाईंनी सुया हाती घेणे सोडले आहे. ह्यात खरे कोणाचे, आणि पुढे काय विणावे, असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमच्या मते दोघींचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे आहे. ते कसे, हे समजण्यासाठी लोकर म्हणजे काय वस्तू आहे ते थोडे पाहिले पाहिजे.

मेंढीच्या लोकरीचा तंतू केसाचाच भाऊबंद आहे. त्याच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात, आणि तो सरळ नसून नागमोडी असतो. ह्या नागमोडीमुळे धाग्याच्या पोटात हवा कोंडून राहते, व ती कोंडलेली हवाच आपणांस ऊब देते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी आर्द्रता पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. घामेजलेल्या अंगास ती बोचऱ्या वाऱ्यात सांभाळते ती ह्या गुणाने. हे सर्व गुण कारखान्यात रसायनांपासून काढलेल्या धाग्यात अद्याप कोणी उतरविलेले नाहीत, म्हणून आत्याबाईंचा अभिमान पोकळ नाही. पण टोचण्याचे काय? ते तंतूच्या जाडीवर अवलंबून असते. ही जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. सुमारे तीस मायक्रॉनांहून जाड तंतूंची टोके कपड्यातून बाहेर डोकावली, की ती वाकत नाहीत, कातडीत रुततात. त्याहून बारीक असली की वाकून जातात व कातडीस त्यांचा पत्ताही लागत नाही. मेरिनो जातीच्या मेंढीची उत्तम लोकर अठरा ते चोवीस मायक्रॉनांची असते. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर त्याहून पुष्कळच भरड, व तिच्यात पोकळ, ताठ केसही मिसळलेले असतात. तेव्हा 'शुद्ध लोकर' एवढे शब्द बाळाच्या मानेला पुरेसे नाहीत. ती कोणत्या मेंढीची, हा खरा प्रश्न आहे. आणि दुकानदारास तो विचारणारी गिऱ्हाइके फारच थोडी.

दख्खनी लोकरीचा विषय निघालाच आहे, तर शेजारच्या मुरबाड तालुक्यातील म्हसे गावाच्या जत्रेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराच्या ह्या जत्रेत बैलांच्या बाजाराबरोबर घोंगड्यांचा बाजार भरतो, आणि शहापूर-मुरबाडकडील कितीतरी घरांत अंथरावयाचे घोंगडे तेथूनच आलेले असते. घोंगडे विणतात ते मागावर. त्यास ताणा आणि बाणा असतो. सुयांवरचे विणकाम एकाच धाग्याचे, फासात फास ओवलेले असते. हा भेद पुष्कळांच्या ध्यानी नसतो. घोंगड्याच्या सुतास चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे ते ताठ होते व पावसाचे पाणी त्यावरून बराच वेळ निथळून जाते. त्याचा काळा-करडा-पांढरा रंग मेंढीच्या अंगचाच असतो. ही लोकर भरड, म्हणून कमी प्रतीची, असे मात्र कोणी समजू नये. पावसात उभे राहणाऱ्या मेंढपाळाच्या पाठीवर मेरिनोची नाजूक शाल काय कामाची? ह्या भरड लोकरीचे हातसूत कोणास मिळाले, तर जाड सुयांवर बसावयाचे आसन, दारातले पायपुसणे किंवा भाजीची पिशवी विणून पाहावी; अशा वस्तू आपल्यामागेही टिकतील. अंगाशी घालावयाचे काही मात्र तीत विणू नये.

आपल्या घरांत लोकर आली ती मुळी धाबळीच्या रूपाने. सोवळ्यात रेशीम व लोकर चालते, सूत धुऊन वाळविलेलेच लागते, हा नेम ज्या घरांत अजून पाळतात तेथील वृद्ध स्त्रियांना लोकर ही पवित्र वस्तू वाटते. आत्याबाईंच्या 'ही लोकरच नव्हे' ह्या शब्दांमागे हाही संस्कार असू शकेल, हे धाकट्या जाऊबाईंनी ध्यानी घ्यावे. धाबळी काही कमी टोचत नसे; पण सोवळ्यातले टोचणे ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे असे त्या पिढीस वाटत नव्हते, एवढेच!

आपल्या जिल्ह्याला लोकरीच्या उत्तम मालाचाही वारसा आहे. ठाण्यास खाडीलगत १९२५ साली लोकरीची गिरणी निघाली, ती १९४४ साली सिंघानिया घराण्याकडे आली, आणि रेमंड ह्या नावाने तिचे सुटाचे कापड देशभर गेले. ठाण्यातील तो कारखाना २००९ साली बंद झाला. अशा तलम कापडाची लोकर ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांची असते, दख्खनच्या मेंढ्यांची नव्हे; ह्यावरून लोकर-लोकरीतले अंतर कळून यावे.

आता जाऊबाईंची बाजू. 'बेबी वूल' नावाने जी लोकर बहुतेक दुकानांत मिळते ती पुष्कळदा अॅक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून बनविलेला कृत्रिम धागा असते. अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीने ऑर्लॉन ह्या नावाने तो १९५० साली बाजारात आणला, आणि तेव्हापासून स्वस्ताईच्या बळावर त्याने जगभरच्या टोपल्या काबीज केल्या. तो मऊ असतो, रंग उजळ धरतो, यंत्रात धुतला तरी आटत नाही, त्याला कसर लागत नाही. मोठ्या मुलांच्या शाळेच्या स्वेटरास, रोज चिखलात लोळणाऱ्या कपड्यास, आमची त्यास मुळीच हरकत नाही. पण त्याचे दोन दोष बाळाच्या बाबतीत मोठे आहेत. एक तर तो घाम शोषीत नाही; ऊब धरतो, ओल मात्र अंगावरच ठेवतो. दुसरा दोष अधिक गंभीर. लोकरीस ठिणगी लागली तर ती सहसा स्वतःच विझते. अॅक्रिलिक भराभर पेटते, वितळते व वितळलेला थेंब कातडीस चिकटतो. ज्या घरात देवापाशी समई तेवते, बाळंतिणीच्या खोलीत अजून शेगडी ठेवतात, तेथे रांगत्या मुलाच्या अंगात हा धागा असावा हे आम्हांस पटत नाही.

विकत घेतलेली लोकर खरी की कृत्रिम, हे घरच्या घरी पाहता येते. वेष्टणावर कशाचे किती टक्के मिश्रण आहे ते लिहिलेले असते. ते आधी वाचावे. वेष्टण हरवले असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याने भरलेली थाळी ठेवून, पेटवून पाहावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते, व मागे राहणारी काजळी बोटांनी चिरडली असता तिची पूड होते. सूत कागदासारखे जळते व राख हलकी, करडी पडते. अॅक्रिलिक काळा धूर सोडीत पेटते व मागे कठीण मणी उरतो, तो चिरडत नाही. मुलांना दूर ठेवून ही परीक्षा करावी, हे सांगणे नको.

मग आसनगावच्या बाळाने घालावे तरी काय? आमचे उत्तर दोघींनाही कदाचित रुचणार नाही: सुती धाग्याचे विणलेले. आसनगाव घाटाखालचे गाव. माहुलीच्या डोंगरावरून पहाटे गारवा उतरतो खरा, पण नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापू लागते आणि दुपारी पंखा लावावा लागतो. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस गेले की हवा पालटते; तेथील बाळाचा विचार वेगळा, आसनगावच्या बाळाचा वेगळा. तीनशे मैलांवरच्या थंडीसाठी योजलेले नमुने डोळे झाकून उचलले, की मूल घामाने भिजते व तोच घाम संध्याकाळी थंड होऊन त्यास बाधतो. विणावयाचे सूत दोन-तीन पदरी, मऊ पिळाचे घ्यावे. शिवणाचे सूत घेऊ नये, ते करकरते. सुताला लोकरीसारखा ताण मात्र नसतो. लोकरीची पट्टी ओढून सोडली की मागे येते. सुताची आली तर आली. म्हणून सुती कपड्याच्या मनगटास व कमरेस एक सुलट एक उलट अशी लांबच लांब पट्टी घालू नये, ती चार धुण्यांत ढिली पडून लोंबते. त्याऐवजी सुलट सुयांचीच, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, वीण काठास घालावी. ती कमी पसरते. सूत वजनालाही जड. तेवढ्याच मापाच्या कपड्यास लोकरीहून अधिक वजनाचे सूत लागते, हे खरेदीच्या वेळी विसरू नये.

आणि आत्याबाईंचे जाकीट? ते पेटीतून आजच काढावे. गळ्याला व मनगटांना आतून जुन्या मलमलीचा किंवा धुऊन मऊ झालेल्या धोतराचा काठ शिवून घ्यावा, आत पुऱ्या बाह्यांचे सुती झबले घालावे, आणि पहाटे अंगणात नेताना तासभर ते जाकीट बाळाच्या अंगात चढवावे. कातडीशी लोकर लागली नाही तर लाली येण्याचे कारण उरत नाही. काठ शिवूनही लाली राहिली तर मात्र ते वैद्यकाचे काम, विणकामाचे नव्हे, डॉक्टरांना दाखवावे. दोन महिन्यांचे श्रम पेटीत कोंडून ठेवण्यापेक्षा अर्ध्या तासाची शिवण सोपी आहे, आणि ती जाऊबाईंनी स्वतः होऊन केली तर फारच चांगले. आपल्याकडे बाळाला पहिली वस्त्रे जुन्या, धुवट लुगड्यांची घालीत. त्यात काटकसर होती तशी कातडीची जाणही होती.

लहान मुलांच्या विणकामाविषयी आणखी तीन सूचना ह्याच ओघात करतो. पायमोज्यांच्या व हातमोज्यांच्या आतल्या बाजूस रंग बदलताना लोंबते धागे सोडू नयेत. बाळाच्या बोटाभोवती असा धागा गुंडाळला जाऊन बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळ का रडते ते कोणास कळत नाही. मोजे घालण्यापूर्वी उलटे करून पाहण्याची सवय ठेवावी. गळ्याशी बांधावयाच्या नाड्या व गोंडे टाळावेत, मागे गुंडी लावावी. आणि बाळ घरात झोपले असता त्यास लोकरीची कानटोपी घालू नये. लहान मुलाच्या अंगातील जादा उष्णता डोक्यावाटे पुष्कळ बाहेर पडते, ती वाट आपल्या हवेत बंद करणे योग्य नाही. कानटोपी बाहेर नेताना घालावी.

इतके बाळापुरते झाले. आता पत्रातील दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. थोरला मुलगा आठ वर्षांचा. त्याच्यासाठी स्वेटर विणावयाचा आहे, पण "पुस्तकाप्रमाणे विणूनही माप चुकते" अशी भगिनींची तक्रार आहे. ही तक्रार आमच्याकडे इतक्या जणींकडून येते, की तिचे गणित एकदा सविस्तर मांडणे अगत्याचे आहे.

चार पदरी लोकर व दहा नंबरच्या सुया घेतल्या, तर साधारण हाताने एका इंचात सात टाके व नऊ सुया बसतात. मुलाची छाती चोवीस इंच, सैलपणासाठी दोन इंच अधिक, म्हणजे सव्वीस इंच. सव्वीस साते एकशे ब्याऐंशी. पाठीस एक्क्याण्णव, पोटास एक्क्याण्णव टाके. पुस्तकात हा आकडा तयारच दिलेला असतो. परंतु तो पुस्तक लिहिणारीच्या हाताचा आहे. आपला हात थोडा सैल असून इंचात साडेसहाच टाके बसत असतील, तर तेच एकशे ब्याऐंशी टाके अठ्ठावीस इंच भरतात आणि स्वेटर झग्यासारखा लोंबतो. हात घट्ट असून साडेसात टाके बसले, तर सव्वाचोवीस इंच भरतात, व दोन इंचांचा सैलपणा पार नाहीसा होतो. अर्ध्या टाक्याच्या फरकाने दोन-दोन इंचांचे अंतर पडते ते असे. म्हणून आधी सहा इंच रुंद व तितकाच उंच नमुन्याचा तुकडा विणावा, तो धुऊन वाळवावा, आणि मग मधल्या चार इंचांतले टाके मोजून चाराने भागावे. काठाजवळचे टाके मोजू नयेत, ते नेहमी खोटे बोलतात. टाके कमी भरले तर एक नंबर बारीक सुई, जास्त भरले तर एक नंबर जाड सुई घ्यावी.

सुयांच्या नंबरांतही एक गोम आहे. आपल्या बाजारात अजून जुनी इंग्लंडची पद्धत चालते. तीत नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, अकरा म्हणजे तीन, बारा म्हणजे पावणेतीन. अमेरिकेची पद्धत नेमकी उलटी; तेथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तेथील आठ नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. परदेशी असलेल्या लेकीने वा सुनेने पाठविलेला नमुना 'आठ नंबरवर विणा' म्हणत असेल, तर तो कोणता आठ हे आधी विचारून घ्यावे. क्रोशाची तर ह्याहून मौज. इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांत एकाच नावाने दोन निराळे टाके ओळखले जातात. मिलिमीटरचे माप सर्वत्र एकच. शक्य तेथे तेच पाहावे.

नमुन्याचा तुकडा विणावयास कित्येकींचा जीव होत नाही. लोकर वाया जाते असे त्यांस वाटते. त्यांच्यासाठी हा दुसरा हिशेब. वर सांगितलेल्या स्वेटराचे अंग चौदा इंच लांब धरले, तर त्याच्या एकशे सव्वीस सुया होतात. प्रत्येकीत एकशे ब्याऐंशी टाके, म्हणजे सुमारे तेवीस हजार टाके. दोन बाह्यांचे अकरा हजार धरा. एकूण चौतीस हजार. मिनिटास पंचवीस टाके, न थांबता, ह्या गतीने ते विणावयास जवळजवळ तेवीस तास लागतात. स्वयंपाक, शाळा, पैपाहुणा सांभाळून हे तेवीस तास दोन महिन्यांत पसरतात. आत्याबाईंचे दोन महिने गेले ते येथे. एवढे श्रम ज्यात घालावयाचे त्या कामात तुकड्याची मूठभर लोकर किंवा लडीमागचे वीस-पंचवीस रुपये वाचविणे म्हणजे पुरणपोळीच्या पुरणात गुळाची काटकसर करण्यासारखे आहे.

खरेदीच्या वेळी सर्व लोकर एकदम घ्यावी, आणि वेष्टणावरील रंगाचा लॉट नंबर प्रत्येक गुंड्यावर एकच आहे ना, हे पाहावे. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित निराळा उतरतो. दुकानातल्या दिव्याखाली ते दिसत नाही, अंगणातल्या उन्हात पाठीवर पट्टा उमटलेला दिसतो. आठ वर्षांच्या मुलास चार पदरी लोकर सुमारे अडीचशे ग्रॅम, पूर्ण वाढलेल्या माणसास चारशेच्या पुढेमागे लागते. एक गुंडा जादा घ्यावा. तो उरला तर कोपराला ठिगळ लावावयास उपयोगी पडतोच, कारण एकत्र कुटुंबात स्वेटर एका मुलाचा कधीच नसतो. तो थोरल्याकडून मधल्याकडे, मधल्याकडून चुलतभावाकडे जातो.

ह्यासाठीच आम्ही वाढत्या मुलांना रॅग्लन बाह्यांचा, गळ्यापासून खाली विणत जाण्याचा नमुना सुचवितो. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत एक हात गमावलेले व पुढे क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैन्याचे सेनापती झालेले लॉर्ड रॅग्लन, ह्यांच्यावरून त्या बाहीचे नाव पडले. खांद्यावर शिवण नसून गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी ओळ जाते, म्हणून हात हलविणे सोपे होते. पुढून उघडणाऱ्या कार्डिगनचे नावही त्याच युद्धातील एका सरदाराचे. लढाईने जगास दिलेल्या गोष्टींत ह्या दोन तरी निरुपद्रवी निघाल्या! वरून खाली विणलेला स्वेटर आखूड झाला की खालचा काठ उसवून, टाके सुईवर घेऊन, चार बोटे आणखी विणता येते. खालून वर विणलेल्यात ही सोय नाही. ह्या पद्धतीस पुस्तकाचीही फारशी गरज पडत नाही. इंग्लंडात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) ह्या बाईंनी त्याचे टक्केवारीचे गणित बसविले. अंगाचे टाके शंभर धरले, तर गळ्याला चाळीस, बाहीच्या वरच्या भागास तेहेतीस, मनगटाला वीस, प्रत्येक काखेत आठ. आपल्या एकशे ब्याऐंशीच्या स्वेटरास लावून पाहा: गळा सुमारे त्र्याहत्तर, बाही साठ, मनगट छत्तीस, काख चौदा-पंधरा. एकदा हे पाठ झाले की कोणत्याही लोकरीत, कोणत्याही मापाचा स्वेटर उतरतो. लहान मुलांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, तेव्हा गळा थोडा सैल ठेवावा किंवा खांद्यावर गुंडी द्यावी.

वीण कोणती निवडावी, ह्याविषयी मतभेद फार; आमचे मत एवढेच, की लोकर आणि वीण ह्यांपैकी एकीनेच बोलावे. धाग्यातच चार रंग मिसळलेले असतील तर साधी सुलट वीणच घालावी, नाही तर पानाफुलांची नक्षी रंगांत बुडून जाते. वेणीची उभी नक्षी फिक्या, एकरंगी, गोल पिळाच्या लोकरीत खुलते, पण ती अंगाला आत ओढते. ती घालावयाची तर टाके वाढवावे लागतात. जाळीची वीण खऱ्या लोकरीत घालावी, कारण धुऊन ताणून वाळविली की तिचे डोळे उघडतात व तसेच राहतात. कृत्रिम धागा तसा राहत नाही, आणि त्यावर गरम इस्त्री फिरविली तर तो कायमचा लुळा पडतो. बाळाच्या कपड्यात जाळी नको. तीत त्याची बोटे अडकतात.

पत्रात ओझरता उल्लेख आहे, की धाकट्या जाऊबाई नोकरीनिमित्त मुंबईस जातात व गाडीतच विणतात. आसनगावाहून मुंबईपर्यंतचा प्रवास दोन तासांच्या आसपासचा. बसावयास जागा मिळाली तर त्यात बाहीचा बराच भाग उरकतो, आणि बायकांच्या डब्यात विणकाम शिकविणाऱ्या व शिकणाऱ्या दोन्ही भेटतात. गाडीत मात्र लांब सुया वापरू नयेत, शेजारणीच्या कुशीत त्या जातात. दोन टोके लवचिक तारेने जोडलेली गोल सुई घ्यावी. टाके मोजावे लागतील अशी नक्षीही तेथे नको. दर स्थानकाला गर्दीचा लोंढा येतो, आणि कल्याण येईपर्यंत मोजदाद तीनदा चुकते.

आत्याबाईंच्या बाबतीत आम्हांस आणखी एक सुचवावयाचे आहे. सत्तरीनंतरच्या डोळ्यांना काळी, निळी, गर्द तांबडी लोकर दिव्याखाली दिसत नाही. सुटलेला टाका चार सुयांनंतर कळतो, आणि मग उसवताना जीव खचतो. त्यांना बदामी, पिवळी, आकाशी असा फिका रंग, थोडी जाड लोकर व आठ नंबरच्या लाकडी किंवा बांबूच्या सुया द्याव्यात. धातूच्या गुळगुळीत सुईवरून टाके घसरतात, बांबूवर ते धरून राहतात, आणि हिवाळ्यात त्या सुया बोटांना गारही लागत नाहीत. बोटे आखडत असतील तर एका बैठकीत अर्ध्या तासावर विणू नये. त्यांच्याकडे बाळासाठी पुढचे काम द्यावे ते सुताचेच: दुपटे. दुपट्यास माप लागत नाही, घट वाढ नाही, टाका हुकला तर बाळ तक्रार करीत नाही. एका कोपऱ्यात एक टाका घालून दर सुईला एक वाढवीत जावे, हवे तेवढे रुंद झाले की दर सुईला एक कमी करीत यावे. चौकोन आपोआप तयार होतो. आणि त्यांचा हात पाहून घेण्याचे काम जाऊबाईंनी करावे. जुन्या स्त्रिया पुस्तक न पाहता, तयार कपड्यावरून नजर फिरवूनच वीण उतरवून घेत. ही विद्या छापील नमुन्यांच्या काळात नाहीशी होत चालली आहे, व ती ज्यांच्या हाती आहे त्या बहुतेक आता ह्याच वयाच्या आहेत.

राहिले धुणे व ठेवणे. लोकर गार किंवा कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात, न चोळता, नुसती दाबून धुवावी. सोड्याच्या साबणाने लोकरीचा जीव जातो, आणि गरम पाणी व चोळणे एकत्र आले की ते सूक्ष्म खवले एकमेकांत गुंततात आणि बापाचा स्वेटर मुलाच्या मापाचा होऊन बसतो. पिळू नये, पंच्यात गुंडाळून पाणी टिपावे, व सावलीत आडवा पसरून वाळवावा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने गुडघ्यापर्यंत लांबतो.

शहापूर-मुरबाडकडे पावसाळा चार महिने भिंती ओल्या ठेवतो. होळी झाली की लोकरीचे कपडे धुऊन, एक दिवस कडक उन्हात उलटसुलट करून, मगच पेटीत ठेवावेत. घामाचा व अन्नाचा डाग राहिलेल्या जागी कसर प्रथम लागते. घड्यांत सुकलेला कडुनिंबाचा पाला घालावा. कसरीच्या पांढऱ्या गोळ्या मोठ्यांच्या कपड्यांत घालावयाच्या तर घाला, बाळाच्या कपड्यांत कदापि घालू नका. ज्या मुलांच्या रक्तात एका विशिष्ट घटकाची जन्मजात उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी ह्या गोळ्यांच्या वाफेनेही फुटतात व कावीळ होते. ही उणीव आपल्या मुलात आहे की नाही हे बहुतेक आईबापांस ठाऊकच नसते. गोळ्यांत ठेवलेले जुने कपडे दुसऱ्या घरातून बाळासाठी आले, तर ते धुऊन दोन-तीन दिवस वाऱ्यावर व उन्हात ठेवल्यावाचून अंगात घालू नयेत.

क्रोशाच्या सुताविषयी सोलापूर व बेळगावकडून आलेल्या पत्रांना पुढील अंकी उत्तर देऊ.